अडुसष्ट लाखांचं घर पावणेशहाऐंशीला

पत्राचा गोषवारा: चिंचवडला भाड्यानं राहणारं जोडपं. तो ३३ वर्षांचा, चाकणच्या कारखान्यात नोकरी, हातात महिना ८२ हजार. ती ३० वर्षांची, खासगी शाळेत शिक्षिका, पगार ३४ हजार. मुलगा तीन वर्षांचा, जूनपासून शाळेत जाईल. दुसऱ्या मुलाचाही विचार आहे. भाडं १९ हजार, गाडीचा हप्ता ९,८०० (अजून २६ बाकी), घरखर्च ४२ हजार, साताऱ्याला सासू-सासऱ्यांना ८ हजार. एफडीत ११ लाख आणि म्युच्युअल फंडात ४ लाख आहेत. मोशीत चालू बांधकामातला ७२० चौरस फूट कार्पेटचा टू बीएचके पाहिला आहे. किंमत ६८ लाख, सात स्लॅब पडलेत, ताबा अडीच वर्षांनी. बँक ५४ लाख ४० हजार द्यायला तयार आहे. सासरे निवृत्तीच्या पैशातून ८ लाख देतो म्हणतात, आणि इंटिरिअरला कमी पडलं तर पर्सनल लोन काढू असा बेत आहे. सेल्समनला रविवारपर्यंत एक लाख टोकन हवंय, दसऱ्यानंतर भाव वाढणार म्हणे. पत्र पत्नीनं लिहिलंय. शेवटी त्या म्हणतात, "भाडं म्हणजे पाण्यात घातलेले पैसे, हप्ता पंचेचाळीस हजार, तो दोघांच्या पगारात आरामात बसतो, शिवाय टॅक्स वाचेल, मग थांबायचं कशाला, असं हे म्हणतात. मला मात्र झोप लागत नाही. मी उगाच घाबरते आहे का?"

नमस्कार.

उगाच नाही घाबरत. तुमच्या यजमानांचं गणितही चुकलेलं नाही, फक्त ते अर्धंच मांडलेलं आहे. ६८ लाखांतून बँकेचे ५४.४० वजा केले की १३.६० लाख उरतात. तुमच्याकडे १५ आहेत, सासऱ्यांचे ८ वेगळे. कागदावर सगळं झकास. पण ६८ लाख ही करारनाम्यावरची किंमत आहे, घरात राहायला जाण्याची नव्हे. आधी तो दुसरा आकडा काढू, बाकीचं आपोआप सुटं होईल.

करारनामा: ६८,००,०००
जीएसटी, ५ टक्के: ३,४०,०००
मुद्रांक शुल्क, ७ टक्के: ४,७६,०००
नोंदणी फी: ३०,०००
मेंटेनन्सची आगाऊ रक्कम, वीज मीटर, सोसायटी स्थापना, वकील वगैरे बिल्डरचे 'इतर खर्च': २,५०,०००
कर्जाची प्रोसेसिंग फी, गहाण नोंदवण्याचं शुल्क, कायदेशीर तपासणी: ३५,०००
इंटिरिअर आणि घर लावणं: ६,००,०००
सामान हलवणं, वास्तुशांत, किरकोळ: ४०,०००

बेरीज ८५ लाख ७१ हजार. त्यातून कर्ज वजा केलं की पदरचे ३१ लाख ३१ हजार लागतात. तुमचे आणि सासऱ्यांचे मिळून २३ आहेत. तूट ८ लाख ३१ हजारांची, आणि तीही बँकेत एक रुपया शिल्लक न ठेवता.

'इतर खर्च' मी अंदाजानं धरलेत. सेल्समनकडून कॉस्ट शीट मागून घ्या आणि त्यात पार्किंग, क्लब हाउस, पहिल्या दोन वर्षांचा मेंटेनन्स हे सगळं एकेका ओळीत लिहून मागा. तोंडी 'ऑल इन्क्लुझिव्ह' हा शब्द ऐकला की कान टवकारायचे.

बँक ८० टक्के का देते, हेही समजून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांना ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के ही कमाल मर्यादा आहे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी त्या किमतीत धरत नाहीत, म्हणजे ते पाच लाख पूर्णपणे खिशातले. जीएसटी काही बँका किमतीत धरतात, काही नाही. तुमच्या बँकेकडून ते लेखी घ्या.

मुद्रांक शुल्काबद्दल एक. पिंपरी-चिंचवडमध्ये ७ टक्के बसतात (मूळ ५, वर स्थानिक संस्था आणि मेट्रोचा प्रत्येकी १), आणि ते करारातली किंमत किंवा रेडी रेकनर (सरकारनं त्या भागासाठी ठरवलेला दर) यांतली जी जास्त असेल तिच्यावर. घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का सूट मिळते, तुमच्या बाबतीत ६८ हजार. नवऱ्याचं नाव जोडलं की सूट गेली. ६८ हजार काही थोडे नाहीत, पण घर कुणाच्या नावावर असावं हा प्रश्न त्याहून मोठा आहे. हप्त्याचा मोठा भाग यजमानांच्या पगारातून जाणार, सासऱ्यांचे पैसेही त्यात असणार. तेव्हा हे घरात बसून मोकळेपणानं ठरवा, नोंदणी कार्यालयाच्या दारात नको.

आता ज्याची तुमच्या पत्रात चर्चाच नाही, ते: पैसे लागणार कधी?

महाराष्ट्राच्या रेरा (घर घेणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा) नियमांतल्या नमुना करारात टप्पे ठरलेले आहेत. करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. करारानंतर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोतं झालं की ४५, सगळे स्लॅब झाले की ७०, भिंती-प्लास्टर-फरशी-दारं झाली की ७५, पुढे ८०, ८५, ९५ आणि उरलेले भोगवटा प्रमाणपत्रासह (इमारत राहायला तयार असल्याचा पालिकेचा दाखला) ताबा देताना. तुमच्या इमारतीचे सात स्लॅब आधीच पडलेत. त्यामुळे नोंदणी झाल्या झाल्या पहिलीच मागणी किमान ४५ टक्क्यांची, म्हणजे ३० लाख ६० हजारांची येईल. बँक आपला पहिला पैसा सोडण्याआधी तुमचा वाटा संपलाय का ते बघते. म्हणून पहिल्या दोन महिन्यांतच तुमच्या खिशातून जाणार: १३.६० लाख वाटा, त्या टप्प्यापर्यंतचा जीएसटी १.५३ लाख, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी ५.०६ लाख, कर्जाचे खर्च ३५ हजार. एकूण साडेवीस लाख. एफडी मोडली, फंड विकले, तरी सासऱ्यांच्या ८ लाखांतले साडेपाच त्या दोन महिन्यांतच संपले. उरले अडीच, आणि पुढे अडीच वर्षं.

या अडीच वर्षांत पूर्ण हप्ता सुरू होत नाही, उचललेल्या रकमेवर नुसतं व्याज भरायचं असतं. याला प्री-ईएमआय म्हणतात. ८ टक्के दर धरू. पहिल्या टप्प्यात बँकेचे १७ लाख गेले की महिना ११,३३३ रुपये व्याज. सगळे स्लॅब झाले की उचल ३४ लाख, व्याज २२,६६७. शेवटाकडे ५१ लाख, व्याज ३४ हजार. सोबत १९ हजार भाडं चालूच. सरासरी २० हजार धरलं तरी ३० महिन्यांत ६ लाख होतात. हे वरच्या बेरजेत नाहीत, आणि त्यातून मुद्दल एक रुपयानंही कमी होत नाही.

तुमच्याकडे आज भाडं, गाडी, घरखर्च, सातारा हे सगळं जाऊन महिना ३७,२०० उरतात. मुलाची शाळा सात हजार धरली की ३०,२००. तीस महिन्यांत ९ लाख, शेवटचे चार महिने गाडीचा हप्ता नसल्यानं आणखी थोडे, त्यातून व्याजाचे ६ लाख गेले की साडेतीन लाखांच्या आसपास शिल्लक. म्हणजे ८ लाख ३१ हजारांची तूट पाचवर येते. इंटिरिअर टप्प्याटप्प्यानं केलं तर दीडवर. ओढूनताणून बसतं. फक्त त्या अडीच वर्षांत घरात कुणी आजारी पडायचं नाही, चाकणला कुणाची नोकरी जायची नाही आणि बिल्डरनं तारीख पाळायची. एक वर्ष उशीर झाला, तर व्याज आणि भाडं मिळून महिना ५३ हजार, म्हणजे वर्षाचे ६ लाख ३६ हजार. उशिराबद्दल व्याज मागायचा हक्क रेरा कायदा देतो, पण ते पदरात पडेपर्यंत घरमालक भाड्यासाठी थांबत नाही.

यजमानांचे तीन मुद्दे आता बघू.

भाडं पाण्यात जातं. खरंय. पण कर्जाचं व्याज कुठे जातं? ५४.४० लाखांवर २० वर्षांचा हप्ता ८ टक्क्यांनी ४५,५०० होतो. पहिल्या हप्त्यातले ३६,२६७ रुपये व्याजाचे असतात, मुद्दलात जातात ९,२३५. म्हणजे पहिल्या वर्षी 'पाण्यात' जाणारी रक्कम आजच्या भाड्याच्या जवळपास दुप्पट. घर घ्यायला हजार चांगली कारणं आहेत: मुलाची शाळा बदलावी लागत नाही, अकरा महिन्यांनी सामान बांधावं लागत नाही, भिंतीला खिळा ठोकायला कुणाला विचारावं लागत नाही. त्यासाठी जरूर घ्या. पण भाडं वाया जातं म्हणून घाई करू नका, कारण त्या गणितात तुम्ही जिंकत नाही.

टॅक्स वाचेल. हे पूर्वी खरं होतं. जुन्या करपद्धतीत स्वतः राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत आणि मुद्दलावर ८०सी या कलमाखाली वजावट मिळते. नव्या पद्धतीत राहत्या घरासाठी दोन्ही नाहीत. आणि २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत पगारदारांना पावणेतेरा लाखांपर्यंत करच लागत नाही. ८२ हजार हातात येणाऱ्या माणसाचा वर्षाचा एकूण पगार साधारण त्याच्या आतच असतो. मग वाचवायला करच कुठाय? पगाराची स्लिप घेऊन दोन्ही पद्धतींनी आकडा काढून बघा, अर्ध्या तासाचं काम आहे.

तिसरा मुद्दा, हप्ता दोघांच्या पगारात बसतो. बसतो हो, दोघांच्या. ताबा मिळाल्यावर महिन्याचा खर्च असा: हप्ता ४५,५००, मेंटेनन्स आणि घरपट्टी मिळून ४,५००, घरखर्च ४२ हजार, शाळा ७ हजार, सातारा ८ हजार. एकूण १ लाख ७ हजार. पगार १ लाख १६ हजार. उरले नऊ. आणि तुम्ही स्वतःच लिहिलंय की दुसऱ्या मुलाचा विचार आहे. तुम्ही दीड वर्ष घरी राहिलात, तर महिना २५ हजारांचा खड्डा पडतो, अठरा महिन्यांचे साडेचार लाख. दुसरं मूल आणि हे घर यांत एकालाच जागा आहे असं मी म्हणत नाही. पण हे साडेचार लाख घराच्या बजेटमध्येच एक ओळ म्हणून लिहायला हवेत, जीएसटीच्या खाली. ती ओळ तुमच्या यजमानांच्या कागदावर नाही. तुमची झोप तिथेच उडालेली आहे असं मला वाटतं.

दरही हलता असतो. आता बहुतेक बँकांचं गृहकर्ज रेपो दराला (रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना पैसे देते) जोडलेलं असतं. दर ८ वरून ९ झाला आणि बँकेनं हप्ता तोच ठेवला, तर २० वर्षांचं कर्ज सव्वापंचवीस वर्षांवर जातं. मोबाइलवर एक मेसेज येतो, तो आपण वाचत नाही, पाच वर्षं वाढलेली असतात. २०२३ पासून रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलंय की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारायचं. तुम्ही हप्ता वाढवा, मुदत नको. कर्ज घेताना रेपोवर बँकेचा स्प्रेड, म्हणजे तिनं वर लावलेले टक्के किती, हे मंजुरीपत्रात वाचा. जाहिरातीतला दर सगळ्यांना सारखा दिसतो. स्प्रेड सिबिल स्कोअरप्रमाणे (कर्जफेडीच्या इतिहासावरचे गुण) बदलतो आणि वर्षानुवर्षं तसाच राहतो.

तीस वर्षांची मुदत घेऊन हप्ता ३९,९०० वर आणता येईल, असंही कुणी सुचवेल. येतो. पण एकूण व्याज ५४.८० लाखांवरून ८९ लाखांवर जातं. उलट, २० वर्षांच्या कर्जात दर वर्षी एक हप्ता जास्तीचा भरलात तर ते पावणेसतरा वर्षांच्या आसपास संपतं. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी भरल्याचा दंड लागत नाही. बोनस आला की तिथे टाका.

पर्सनल लोनचा विचार सोडून द्या. ६ लाख, ५ वर्षं, १२ टक्के म्हणजे महिना १३,३५०. ताबा मिळाल्यावर तुमच्याकडे नऊच उरतात, हे वर पाहिलं. त्याऐवजी इंटिरिअर दोन हप्त्यांत करा. पहिल्या टप्प्यात ओटा-ट्रॉल्या, एक कपाट, सेफ्टी डोअर आणि ग्रिल, पंखे-दिवे, गिझर, पडदे. अडीच लाखांत होतं. टीव्ही युनिट, फॉल्स सीलिंग, दुसऱ्या खोलीतलं कपाट वर्षभरानं. एकच गोष्ट स्वस्तात करू नका: सिंकखालचं आणि ड्राय बाल्कनीला लागून असलेलं कपाट. तिथे पार्टिकल बोर्ड दोन पावसाळ्यांत फुगतो, दरवाजा घासायला लागतो आणि बिजागरी स्क्रूसकट बाहेर येते. तेवढ्या भागाला ७१० ग्रेडचं बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्याला टिकणारं प्लाय सांगा, शिक्का पाहून घ्या. बाकीच्या घरात साधं कमर्शियल चालतं.

सासऱ्यांच्या ८ लाखांबद्दल हात जरा आखडता घेईन. निवृत्त माणसाचे ८ लाख सीनियर सिटिझन योजनेत असले तर तिमाहीला सोळा हजारांच्या आसपास व्याज येतं. ते तुम्ही घेतलेत तर साताऱ्याला पाठवायचे ८ हजार पुढे तेरा-चौदा होतील. तुमच्या हप्त्यात आणखी एक हप्ता, फक्त बँकेला न दिसणारा. यजमानांना भाऊ-बहीण असतील तर हे पैसे उसने की दिलेले, ते त्यांच्या कानावर घालूनच घ्या. घेतलेच तर चेकनं किंवा ऑनलाइन, आणि कागदावर दोन ओळी. वडिलांनी मुलाला दिलेल्या पैशावर कर लागत नाही, पण 'दिले' हा शब्द कुठेतरी लिहिलेला असावा.

मग करायचं काय? मला तुमच्यासाठी दोन वाटा दिसतात, आणि माझा कल दुसऱ्या वाटेकडे आहे.

पहिली वाट, दीड-दोन वर्षं थांबणं. नुसतं थांबू नका, हप्त्याची रंगीत तालीम करा. पुढच्या महिन्यापासून पगाराच्या दिवशी ३१ हजार रुपये वेगळ्या खात्यात जाऊ द्या. हा नवा हप्ता आणि मेंटेनन्स यांतून आजचं भाडं वजा करून आलेला आकडा आहे. गाडीचा हप्ता सांभाळून सहा महिने हे जमलं, तर तुम्हाला ५४ लाखांचं कर्ज झेपेल हे पासबुकच सांगेल. तिसऱ्या महिन्यात त्या खात्याला हात लागला, तर तेही सांगेल. दोन वर्षांत सात लाखांवर जमतील आणि गाडीही जवळपास फिटेल. भाव वाढतील का? वाढतीलही. पण मोशी, चऱ्होली, रावेत या पट्ट्यात नवी कामं इतकी चालू आहेत की दसऱ्यानंतर घरच मिळणार नाही अशी वेळ येत नाही.

दुसरी वाट, तयार, वापरलेलं घर. समजा आठ-दहा वर्षं जुन्या सोसायटीतला टू बीएचके ५२ लाखांना मिळाला. भोगवटा प्रमाणपत्र असलेल्या घराला जीएसटी नाही. मुद्रांक शुल्क ३.६४ लाख, नोंदणी ३० हजार, दलाली १ टक्का ५२ हजार, सोसायटीचा हस्तांतर प्रीमियम जास्तीत जास्त २५ हजार (त्याहून जास्त मागता येत नाही), कर्जाचे खर्च ३५ हजार, रंग-दुरुस्ती-ट्रॉल्या ३ लाख. एकूण ६० लाख ६ हजार. कर्ज ४१.६० लाख, हप्ता ३४,८००. पदरचे साडेअठरा. तुमचे १५ आणि सासऱ्यांकडून साडेतीनच. उरलेले साडेचार त्यांच्याच नावावर एफडीत राहू द्या, अडीअडचणीला. हा तोच आकडा आहे जो तुमच्या दीड वर्षाच्या सुट्टीला लागतो. आणि भाडं तिसऱ्या महिन्यापासून बंद. गाडीचा हप्ता धरूनही महिना दहा हजार शिल्लक राहते, तो संपला की वीस. तुम्ही घरी असताना खड्डा पडेल चौदा हजारांचा.

जुन्या घरात चकचकीत लॉबी नसते, क्लब हाउस नसतं. पण टँकर किती येतात, लिफ्ट कितीदा बंद पडते, शेजारी कोण, हे आधीच कळतं. पाऊस पडून गेल्यावर एकदा जा. बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीचा वरचा कोपरा आणि बाथरूमला लागून असलेली भिंत हातानं चाचपा. ताजा रंग फक्त तेवढ्याच जागी असेल तर खाली ओल आहे. सोसायटी ऑफिसात भोगवटा प्रमाणपत्राची प्रत, जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, आणि थकबाकी नसल्याचा दाखला मागा. विक्रेत्याच्या आधीच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी आणि इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा उतारा) वकिलाला दाखवा. त्याचं कर्ज बाकी असेल तर तुमची बँक थेट त्याच्या बँकेला पैसे देऊन मूळ कागद सोडवते; तुम्ही हातात देऊ नका. आणि थोडे रोखीत द्या म्हणाला तर घर सोडून द्या. मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला कायद्यानं मनाई आहे, शिवाय करारातली किंमत कमी दाखवली की तुमचं कर्जही कमी होतं.

यात एक फसगत नेहमी होते. बँक ८० टक्के काढते ते तिच्या व्हॅल्युअरनं लावलेल्या किमतीवर. तुम्ही ५२ ला ठरवलंत आणि त्यानं ५० धरले, तर कर्ज ४० लाखच, आणि १ लाख ६० हजार अचानक वाढले. म्हणून विसार देताना 'बँकेचं कर्ज अपेक्षेइतकं मंजूर न झाल्यास विसार परत' ही ओळ लिहून घ्या.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर विक्रेत्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस (विक्रेत्याच्या नावचा आगाऊ कर) कापून सरकारकडे भरायची जबाबदारी घेणाऱ्याची असते. चालू बांधकामात प्रत्येक हप्त्याला कापायचा. बहुतेक तरुण खरेदीदार हे विसरतात आणि वर्षभरानं दिवसाला २०० रुपयांप्रमाणे उशीर शुल्काची नोटीस येते. दोघांच्या नावावर घर असेल तर दोघांनी वेगवेगळा भरायचा.

बँक कर्जासोबत एकरकमी विम्याची पॉलिसी कर्जातच घालून देते, दीड-एक लाखाची. सक्ती नसते. त्याऐवजी यजमानांच्या नावावर एक कोटीचा साधा टर्म प्लॅन (नुसता आयुर्विमा) स्वतंत्र घ्या, आणि लहान रकमेचा का होईना, तुमच्या नावावरही. हप्त्यात तुमचाही पगार धरलाय ना?

इतर वाचकांसाठी थोडक्यात: कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ९ लाखांच्या आत, घर ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असेल, तर पंतप्रधान आवास योजना शहरी २.० मध्ये १ लाख ८० हजारांपर्यंत व्याज अनुदान मिळू शकतं. तुम्ही त्यात बसत नाही.

मोशीचं घर दोघांनाही फारच आवडलं असेल आणि हे सगळं वाचूनही ते सुटत नसेल, तर टोकन देण्याआधी दोन कागद मागा. महारेराच्या (रेरा कायद्याखालचं राज्याचं प्राधिकरण) साइटवर प्रकल्पाचा क्रमांक टाकून पूर्णत्वाची तारीख बघा. सेल्समन सांगतो ती तारीख नव्हे, तिथे नोंदवलेली तारीख बिल्डरवर बंधनकारक असते, आणि ती बऱ्याचदा वर्षभर पुढची निघते. दुसरा कागद बांधकाम प्रारंभ पत्र. ते कितव्या मजल्यापर्यंतचं आहे? तुमचा फ्लॅट चौदाव्यावर आणि परवानगी अकराव्यापर्यंत, असं होतं. मग वरचे तीन मजले हवेतच विकलेले असतात आणि बँक ऐनवेळी पैसे अडवते.

टोकन चेकनंच द्या आणि वाटपपत्र घ्या. महारेराच्या नमुन्यातल्या वाटपपत्रात पहिल्या १५ दिवसांत रद्द केलं तर काही कापायचं नाही असं आहे. बिल्डरच्या फॉर्मवर त्या जागी काय छापलंय, ते सही करण्याआधी वाचा. कॉस्ट शीट आणि प्रारंभ पत्र व्हॉट्सअपवर पाठवा म्हणून सेल्समनला शनिवारी सकाळीच फोन करा. संध्याकाळपर्यंत आले नाहीत, तर रविवारी मोशीऐवजी चिंचवडमधल्याच दोन-तीन जुन्या सोसायट्या बघून या, यजमानांना घेऊन.